बॉयलरच्या बाजूचे टाके

क्लेअरफील्डमध्ये आर्डिस टॉरगर्सनला ओळखत नाही असा माणूस सापडला नसता. सव्वीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गावातल्या निम्म्या मोठ्या माणसांना तिने कधी ना कधी 'आधी गाजरं संपव' म्हणून दटावलेलं होतं, आणि बँकेचा मॅनेजर अजूनही तिला पाहिलं की खुर्चीत जरा सावरून बसायचा. बाई उंच, हाडापेराने दणकट, बोलायला सरळ. नवरा मेल्विन जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा डेन्व्हरला, मुलगी लिंकनला. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ती आपली गाडी आपण चालवायची आणि वळताना कधी दिवा दाखवायची नाही. "मी कुठे वळणार ते गावाला माहीत आहे," म्हणायची.

तिला स्वतःबद्दल फारसा गर्व नव्हता. गर्व होता तो एकाच गोष्टीचा, हाताच्या धावदोऱ्याचा. इंचाला दहा टाके. मुलीला, मग नातींना गोधडी शिकवताना ती हेच सांगत आली होती, "दहा. माझ्यासारखे." घरी एकटीने शिवलेल्या तिच्या गोधड्यांना जिल्ह्याच्या जत्रेत एकदाही बक्षिसाची फीत मिळाली नाही, हे खरं. पण परीक्षक ओमाहाहून यायचे. शहरातल्या लोकांना हातशिलाईतलं काय कळतं, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

हात तयार झाला तो चर्चच्या तळघरात. दर मंगळवारी दुपारी एक वाजता तिथे आठ बायका लाकडी चौकटीभोवती बसायच्या. चौकटीवर गोधडी ताणलेली. एका बाजूला बॉयलर, दुसऱ्या बाजूला जमिनीलगतच्या बुटक्या खिडक्या, एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला जिना. आर्डिसची जागा बॉयलरच्या बाजूला, जिन्याकडच्या टोकाला. शेजारी हुल्दा बर्गस्ट्रॉम. हुल्दा सगळ्यांत वडील, सगळ्यांत कमी बोलणारी, आणि चर्चची किल्ली तिच्याकडे. आर्डिसच्या नेमकी तिरपी समोर, खिडकीकडे, स्वयंपाकघराच्या टोकाला फर्न हॉलबर्ग.

फर्नचे टाके वाईट होते. बोलताना तिचे दोन्ही हात हलत, आणि ती सतत बोले. तिचा एक टाका गव्हाच्या दाण्याएवढा, तर पुढचा राजम्याएवढा. पण गोधडी शिवणाऱ्या बायकांत अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं. तोंडावर काही म्हणायचं नाही. जिचे टाके कच्चे ती घरी गेली की तेवढे उसवायचे, त्याच रेघेवर नवे घालायचे आणि पुढच्या आठवड्यात तिच्यासमोर गप्प बसायचं. म्हणून मंगळवारी पाच वाजता सगळ्या पांगल्या की हुल्दा आणि आर्डिस मागे थांबत. हुल्दा बारीक कात्रीने उसवायची, दोघी मिळून नवे टाके घालायच्या. मग हुल्दा म्हणायची, "तू हो पुढे. मेल्विन जेवायचा थांबला असेल. कुलूप मी लावते."

हे गुपित आर्डिसने अडतीस वर्षं सांभाळलं होतं. बाकीच्या बायका एकेक करून गेल्या. हुल्दा जाऊनही वीसेक वर्षं झाली. चौकटीभोवतीच्या आठांपैकी आता दोघीच उरल्या होत्या, आर्डिस आणि फर्न. दोघींचं रोज सकाळी फोनवर बोलणं व्हायचं. जगात आर्डिसला हसवू शकेल असं माणूस आता तेवढंच होतं.

त्या सप्टेंबरात जत्रेच्या मैदानावरच्या मोठ्या शेडमध्ये गोधड्यांचं प्रदर्शन भरलं. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता व्याख्यान होतं. कापडावरची नक्षी काढणारी कुणी नावाजलेली बाई येणार होती. आर्डिस असल्या व्याख्यानांना जाणाऱ्यांतली नव्हे. पण पत्रकावर नाव होतं ब्रिटा एकलंड, म्हणजे त्यांच्या जुन्या पाद्र्यांची, पास्टर एकलंडांची नात. आणि खाली लिहिलं होतं की एकाहत्तर साली क्लेअरफील्डच्या बायकांनी पास्टरांना निरोपादाखल दिलेली गोधडी ती सोबत आणणार आहे.

आर्डिसने निळं चांगलं जाकीट बाहेर काढलं. ती गोधडी तिने अडतीस वर्षांत पाहिली नव्हती. आता सगळं गाव पाहील, कुणीतरी विचारील, हे इतके बारीक टाके कुणाचे, असं काहीसं मनात होतं. फर्नच्या दारासमोर गाडी थांबवली तेव्हा तोंडावर मात्र त्यातलं काही नव्हतं.

"किती नटलीस गं!" फर्न गाडीत बसत म्हणाली. "लग्नाला निघालीस की काय?"

"व्याख्यान आहे. जरा नीट जावं म्हटलं."

"ते जाकीट तू मेल्विनच्या दफनाला घातलं होतंस."

"मग? तेव्हाही नीटच गेले होते."

हमरस्त्यावर वळल्यावर फर्नने मागे पाहिलं. "परत दिवा दाखवला नाहीस."

"मागे कोण होतं?"

"शेरीफ."

"त्याला मी पहिलीपासून जेवायला वाढलंय," आर्डिस म्हणाली.

शेडमध्ये दीडशे खुर्च्या भरल्या होत्या. कॉफीचा वास सुटला होता, लिंबाच्या वड्यांची ताटं मागच्या टेबलावर झाकून ठेवली होती. दोघींना दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. ब्रिटा एकलंड चाळिशीची, केस पोरासारखे कापलेले, लाल चौकटीचा चष्मा. आवाज अगदी आजोबांसारखा खालच्या पट्टीतला. तिने पडद्यावर एक चित्र टाकलं. करड्या रंगावर करडे ठिपके.

"मी कापडावर आकृती काढत नाही," ती म्हणाली. "मी आकृतीच्या मधल्या जागेचं ऐकते. रिकामी जागा आपल्याशी काहीतरी बोलत असते."

आर्डिसने फर्नकडे पाहिलं. "काय म्हणाली ही?"

"रिकामी जागा बोलते."

"काय बोलते?"

"ते अजून सांगितलं नाही."

पुढची वीस मिनिटं आर्डिसला फारसं काही उमगलं नाही. रंगाला श्वास असतो. कापडाला स्मरण असतं. शेजारच्या रांगेतल्या बायका वहीत भराभरा उतरवून घेत होत्या, तेव्हा त्यांना कळत असावं. आर्डिस कापड धुऊन, इस्त्री करून, कापून शिवत आली होती. त्याला काय आठवतं, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

मग पांढरे हातमोजे घातलेल्या दोन बायकांनी ती गोधडी वर धरली, आणि आर्डिसला सगळं कळलं. हीच ती! मधोमध तुकड्यांनी जोडलेलं लाल कौलांचं चर्च, त्याचा मनोरा उंच गेलेला, चहूबाजूंनी निळ्या-पांढऱ्या चौकटी. चौकटीवर असताना मनोऱ्याचं टोक स्वयंपाकघराच्या दिशेला होतं. 'मनोरा देवाकडे नाही, कॉफीकडे बोट दाखवतोय,' असं फर्न म्हणाली होती, आणि हुल्दासुद्धा हसली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आर्डिसने जाकिटाची बटणं सारखी केली.

"पुढची बाजू सगळेच बघतात," ब्रिटा म्हणाली. "मी तुम्हाला मागची दाखवणार आहे."

मोजेवाल्यांनी गोधडी फिरवली. मागे पांढरं अस्तर. ते पाहताच आर्डिसला आठवलं. ती चादर होती. पलंगाची साधी पांढरी चादर, दुकानात स्वस्तात मिळाली म्हणून आर्डिसनेच आणलेली. हुल्दाने तेव्हा हात लावून पाहिला होता आणि म्हणाली होती, "चादरीची वीण फार घट्ट असते. सुईचं भोक एकदा पडलं की बुजत नाही." आर्डिस म्हणाली होती, "मागची बाजू कोण बघायला बसलंय?"

आता दीडशे माणसं बघायला बसली होती.

"आजोबांनी ही कधी वापरली नाही, धुतली नाही," ब्रिटा सांगत होती. "मी तिरप्या उजेडात तिचे फोटो काढले. आणि हे पाहा."

पडद्यावर अस्तराचा वरचा उजवा कोपरा आला, चौपट मोठा करून. टाक्यांची सुरेख बारीक रेघ. आणि तिच्या आजूबाजूला रिकामी भोकं. लांब लांब पडलेली, वाकडी जाणारी, बर्फात पाखरू चालून गेल्यासारखी.

"इथे आधी दुसरे टाके होते," ब्रिटा म्हणाली. "कुणीतरी ते काढले आणि पुन्हा घातले."

आर्डिसचे कान तापले. हातात पत्रक होतं. तिने त्यावर पेन्सिलीने चर्च काढलं, मनोरा वर, म्हणजे स्वयंपाकघराकडे. डाव्या बाजूला खिडक्या, उजव्या बाजूला बॉयलर. वरच्या डाव्या कोपऱ्यात 'फ' लिहिलं, खालच्या उजव्या कोपऱ्यात 'आ'. मग कागद उलटा करून दिव्याकडे धरला. मागून पाहिल्यावर 'फ' वरच्या उजव्या कोपऱ्यात आलं. तो फर्नचाच कोपरा होता.

तिने घाईने कागद मांडीवर पालथा टाकला. फर्न शांतपणे पडद्याकडे बघत होती. हिला कळेल का? आपण कुठे बसायचो हे तिच्या लक्षात असणारच. कळलं तर उद्या सकाळी फोन येईल का? मागून टाके उसवले आणि अडतीस वर्षं समोरून कॉफी प्यायलो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? फर्नचं लक्ष उडवावं म्हणून ती कुजबुजली, "वड्या संपतील. आधी जाऊन घ्यायच्या का?"

"थांब गं," फर्न म्हणाली. "आता कुठे मजा येतेय."

"आणि हा कोपरा," ब्रिटाने चित्र बदललं. "खालचा डावा. इथे तर दुप्पट भोकं आहेत."

आर्डिसने पडद्याकडे पाहिलं. मग पत्रक उचललं, उलटं केलं, दिव्याकडे धरलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात 'आ' होतं.

काहीतरी चुकत होतं. तिने पुन्हा विचार केला. फोटो उलटा लावला असेल, वरचं खाली झालं असेल. तिने कागद फिरवून धरला. 'फ' खाली आलं, 'आ' वर गेलं. पण त्याने काय होणार? भोकं दोन्ही कोपऱ्यांत होती. कसंही फिरवा, त्या दोन कोपऱ्यांची नुसती अदलाबदल होत होती. मग तिला वाटलं, हा हुल्दाचा भाग असेल. हुल्दा शेजारीच बसायची. पण हुल्दाचे टाके उसवायची कुणाची छाती होती? आणि कशाला उसवील कुणी?

मग ते कुणाचे?

तिला एकदम एक जुनी गोष्ट आठवली आणि ती नको तेव्हा आठवली. मंगळवारी शिवताना कधी कधी तिला वाटायचं, आज हात जरा जड पडतोय. पण पुढच्या मंगळवारी येऊन पाहिलं की आपले गेल्या आठवड्याचे टाके असे सुरेख दिसायचे की तिचं तिलाच नवल वाटायचं. हात बसला म्हणायचा, असं ती मनाशी म्हणायची.

"या भोकांवरून मी नवं कापड केलं," ब्रिटाचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता. "पांढऱ्यावर बारीक करडे ठिपके. त्याचं नाव 'नवं बर्फ'. बाहेर त्याचे तागे आहेत." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. "पण ही भोकं का पडली, ते मला कुणी सांगू शकलेलं नाही. ही गोधडी शिवणाऱ्यांपैकी कुणी इथे आहे का?"

आर्डिस खुर्चीत खचली. पण गावाला माहीत होतं. मागून चार जण म्हणाले, "फर्न आहे! आर्डिस आहे!" आणि दोघींना उभं राहावं लागलं. बँकेचा मॅनेजर सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता.

"तुम्ही सांगाल का?" ब्रिटाने विचारलं.

आर्डिसचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. सव्वीस वर्षांत शाळेच्या जेवणाच्या खोलीत तिला शब्द सुचला नाही असं झालं नव्हतं.

फर्न बोलली. "ती खूण असायची, पोरी," ती गोड आवाजात म्हणाली. "आधी बिनदोऱ्याच्या सुईने भोकं पाडून रेघ आखायची. मग त्यावरून शिवायचं. आमच्याकडे तशी पद्धत होती."

"अरे वा!" ब्रिटा म्हणाली. वह्या घेऊन बसलेल्या बायकांनी ते लिहून घेतलं.

अशी पद्धत क्लेअरफील्डमध्ये काय, अख्ख्या नेब्रास्कात नव्हती. आर्डिसने खाली बसून फर्नकडे पाहिलं. ही खोटं का बोलली? स्वतःला वाचवायला म्हणावं, तर मग तिला माहीत होतं. आणि माहीत होतं, तर कधीपासून? का खरंच म्हातारपणाने हिच्या डोक्यात गोंधळ झालाय? व्याख्यान संपलं, खुर्च्या वाजल्या, लोक कॉफीकडे निघाले, तरी आर्डिस हातात पत्रक धरून तिथेच बसून होती.

"ऊठ," फर्न म्हणाली. "वड्यांची तुलाच घाई होती ना?"

"फर्न, तशी पद्धत नव्हती."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय? भर सभेत सांगू?"

"काय सांगणार होतीस?" आर्डिसने विचारलं. मग दम घेऊन म्हणाली, "हे बघ, मला तुला एक सांगायचंय. खूप आधीच सांगायला हवं होतं. मंगळवारी सगळ्या गेल्या की मी आणि हुल्दा..."

"माझे टाके उसवायचात."

"तुला कुणी सांगितलं?" आर्डिसने विचारलं.

"मी भांडं विसरले होते," फर्न म्हणाली. ती शेजारच्या खुर्चीवर परत बसली. "खिम्या-बटाट्याचं, निळ्या काठाचं. पास्टरांची गोधडी चालू होती तेव्हाच. घरी पोचले, आठवण झाली, परत आले. तळघराच्या खिडकीतून उजेड दिसत होता म्हणून वाकून पाहिलं. माझ्या जागेवर तुम्ही दोघी. हुल्दाच्या हातात कात्री."

"अरे देवा."

"गाडीत जाऊन बसले आणि रडले. म्हटलं, जाऊ दे भांडं, जाऊ दे मंगळवार. पण भांडं सासूबाईंचं होतं. म्हणून तुम्ही जायची वाट बघत बसले. तू बाहेर आलीस, गेलीस. हुल्दा येईना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. म्हटलं, म्हातारी पडली-बिडली की काय. परत जाऊन वाकले." फर्न आणखी जवळ सरकली. "हुल्दा तुझ्या खुर्चीवर बसली होती."

"का?"

"कात्री घेऊन, आर्डिस."

शेडमध्ये लोक बोलत होते, कपबशा वाजत होत्या. आर्डिसला ते वाक्य एका बाजूने नीट समजत होतं आणि दुसऱ्या बाजूने अजिबात समजत नव्हतं.

"पण मी इंचाला दहा घालते," ती म्हणाली.

"हो."

"सगळ्यांना माहीत आहे."

"हो बाई. तूच सांगितलंयस सगळ्यांना."

"आणि तू तेव्हा काय केलंस?"

"काय करणार? इतकी हसले की खिडकीच्या काचेवर डोकं आपटलं. हुल्दाने वर पाहिलं. तिने मला पाहिलं, मी तिला पाहिलं. तिने ओठांवर बोट ठेवलं. मग भांडं आणून दिलं मला जिन्यापर्यंत. चकार शब्द नाही. पुढच्या मंगळवारी मी आले ते त्या हसण्याच्या जोरावर. नाहीतर आले नसते."

"अडतीस वर्षं," आर्डिस म्हणाली. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू सांगितलंस मला?"

आर्डिस उठली आणि गोधडी टांगली होती तिकडे चालू लागली. तिला पाहायचं होतं. काय पाहायचं होतं, हे तिला नीट सांगता आलं नसतं. फर्न म्हणते ते खोटं ठरावं, की खरं ठरावं, तेही ठरत नव्हतं. ओमाहाचे परीक्षक तिच्या डोक्यात एका रांगेत उभे होते आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मोजेवाली बाई म्हणजे हायवेवरच्या पेट्रोलपंपाची लोरेटा. "लोरेटा, खालचा कोपरा जरा उलटून दाखवतेस का?" आर्डिसने विचारलं. लोरेटाने जपून कोपरा उचलला. आर्डिसने चष्मा बदलला. भोकं होती. डोळ्याने जेमतेम दिसणारी, पण होती. आणि भोकांमधून हुल्दाची रेघ, सरळ आणि बारीक, कोपऱ्याकडे जात होती. कोपऱ्यापासून चार बोटांवर ती रेघ थांबली. तिथून पुढे दुसरेच टाके होते.

"इथे राहिलेत बघ," फर्न वाकून म्हणाली. "शेवटच्या मंगळवारी हुल्दाला वेळ पुरला नसेल."

आर्डिसने पर्समधली मोजपट्टी काढली. ती पट्टी तिच्याकडे नेहमीच असते. न टेकवता टाक्यांच्या वर धरली आणि ओठ हलवत मोजलं. पुन्हा मोजलं.

"किती?" फर्नने विचारलं.

"साडेपाच."

"अर्धा कसा?"

"एक वाकडा आहे. धरू की नको कळत नाही."

फर्नला हसू आवरेना. ती तोंडावर हात दाबून वळली, खांदे गदगदा हलत होते. आर्डिस मात्र त्या साडेपाच टाक्यांकडे बघत राहिली. ते तिने घातले होते, छत्तीसाव्या वर्षी, बॉयलरच्या उबेत बसून, घरी मेल्विन जेवायचा थांबलेला असताना. तिला ते टाके अनोळखी वाटत होते. खरं म्हणजे हुल्दाचेच टाके तिला जास्त ओळखीचे होते.

तेवढ्यात ब्रिटा आली, हातात जाड कागदाचं कार्ड आणि पेन. "बरं झालं, तुम्ही भेटलात! गोधडीच्या शेजारी माहिती लावायची आहे. 'सुईने रेघ आखण्याची क्लेअरफील्डची पद्धत' असं लिहू का?"

फर्नने आर्डिसकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. सांगायचं की नाही, हे तिने आर्डिसवर सोडलं होतं.

आर्डिसने मोजपट्टीची गुंडाळी केली. "नाही," ती म्हणाली. "तशी पद्धत नव्हती. ते टाके उसवलेत. या कोपऱ्यातले माझे होते."

"आणि वरचे माझे," फर्न म्हणाली. "हिच्यापेक्षा बरे."

"बरे कसले? राजम्याएवढे!"

"माझे मोजले का कुणी? पुरावा नाही. तुझा आहे."

ब्रिटाचा पेन हवेतच राहिला. "उसवले? मग परत कुणी घातले?"

"हुल्दा बर्गस्ट्रॉम," आर्डिस म्हणाली. "लिही. कुलूप तीच लावायची." मग तिला वाटलं, हे या मुलीला काय कळणार, पण तिने आणखी काही सांगितलं नाही. ब्रिटाने 'हुल्दा बर्गस्ट्रॉम' एवढं लिहिलं, कुलपाचं काय करावं हे न कळून दोघींकडे पाहिलं, आणि हसून पुढच्या माणसाकडे गेली.

दाराजवळ कापडाचे तागे मांडले होते. 'नवं बर्फ' सगळ्यांत पुढे. पांढऱ्यावर वाकडेतिकडे करडे ठिपके, एक लांब, एक जवळ. आर्डिसने ते बोटांत धरून पाहिलं, वीण सैल आहे ना ते तपासलं, आणि विकणाऱ्या मुलीला म्हणाली, "चार वार काप."

"काय करणार याचं?" फर्नने विचारलं.

"अस्तर. धाकट्या नातीच्या लग्नाची गोधडी चौकटीवर चढवायची आहे."

फर्नने ठिपक्यांवरून हात फिरवला. "हुशार आहेस. यावर उसवलेलं कुणाला कळायचं नाही."

"मंगळवारी ये. एक वाजता. चौकट जेवणाच्या खोलीत लावते."

"येईन. पण संध्याकाळी कुलूप कोण लावणार?"

"माझं घर आहे. मीच लावणार."

"तेच म्हणते मी. मग तुझे कोण उसवणार?"

आर्डिस विचार करत राहिली. मुलीने कापड घडी करून पिशवीत घातलं तरी ती विचारच करत होती. शेवटी फर्ननेच तिच्या हातातून पिशवी घेतली.

"मी माझं भांडं विसरून जाईन," फर्न म्हणाली.

बाहेर अजून पश्चिमेला थोडा उजेड होता. मैदानातून गाड्या एकामागोमाग एक हमरस्त्याकडे निघाल्या होत्या. कोपऱ्यावर आल्यावर आर्डिसने दिवा दाखवला, डावीकडचा, आणि उजवीकडे वळली. मागच्या गाडीने दोनदा भोंगा वाजवला. फर्न मांडीवरची पिशवी घट्ट धरून समोर बघत राहिली.